कलावंताची जागा

कुंडलच्या सयाजी शाहिरांना आमदारकी मिळणार, हे गावानं ऐकलं ते थेट लालासाहेबांच्या तोंडून. लालासाहेब कऱ्हाडकडचे मोठे पुढारी. त्यांच्या प्रत्येक निवडणुकीत शाहिरांचा डफ वाजला होता. यंदा निवडून आल्यावर ते आभाराच्या सभेला कुंडलात आले आणि भाषणाच्या शेवटी म्हणाले, की विधान परिषदेत काही जागा निवडणुकीच्या नसतात. लेखक, कलावंत, समाजसेवक अशी माणसं राज्यपाल तिथं नेमतात आणि मंत्रिमंडळ त्यांची नावं सुचवतं.

"त्यातली कलावंताची जागा आमच्या शाहिरांची," ते म्हणाले. "नाव घालून घ्यायची जबाबदारी माझी."

टाळ्या थांबेनात. शाहीर व्यासपीठाच्या कडेला बसले होते, त्यांना काय करावं सुचेना. ते उठले, नमस्कार केला आणि परत बसले.

सुरुवातीला त्यांनी ते हसण्यावारी नेलं. पुढाऱ्याचं बोलणं आणि वळवाचा पाऊस, पडला तर पडला, असं पत्नीला, अनसूयाबाईंना म्हणाले. पण दुसऱ्या आठवड्यात लालासाहेबांकडून माणूस आला आणि शाहिरांची सगळी माहिती, मिळालेले पुरस्कार, फोटो घेऊन गेला. तेव्हा मात्र गोष्ट त्यांच्या मनात शिरली. पलूसच्या शिंप्याकडं त्यांनी पांढरं जाकीट शिवायला टाकलं. सकाळी उसाला पाणी पाजताना ते बांधावर उभं राहून सभागृहात काय बोलायचं ते घोकू लागले. थकलेल्या शाहिरांचं काय, तमाशाच्या फडातून उतरलेल्या बायकांचं काय, शाळेतल्या पोरांच्या हातात डफ कोण देणार. संध्याकाळी तेच सगळं अनसूयाबाईंना ऐकवायचे. त्या भाकरी थापता थापता म्हणायच्या, "सभापतींना एवढं जोरात बोलू नगा म्हंजे झालं."

या दिवसांत शाहिरांचा सारथी होता विश्वजीत. तो मूळचा माण तालुक्यातला, दहिवडीजवळच्या एका वस्तीवरचा. बाप मुंबईत हमाली करायचा, आई मेंढरांमागं. म्हसवडच्या यात्रेत शाहिरांचा पोवाडा ऐकून कोवळ्या वयात तो त्यांच्यामागं निघाला आणि कुंडलातच राहिला. शाहिरांना मूलबाळ नव्हतं. अनसूयाबाईंनी त्याला जेवू घातलं, पुढं त्याचं लग्नही त्यांनीच लावून दिलं. कार्यक्रमात तो झीलकरी होता. शाहीर ओळ म्हणायचे, ती मागून वरच्या सुरात उचलून धरायची ती झील. त्याची झील अशी, की तंबूतल्या शेवटच्या माणसाच्या अंगावर काटा यावा. अलीकडं त्याचे स्वतःचे पोवाडे फोनवर गाजत होते. पोरं रस्त्यात थांबवून त्याच्यासोबत फोटो काढायची. शाहिरांना त्याचा अभिमान होता, तो ते चारचौघांत बोलून दाखवायचे.

आमदारकीची कुणकुण लागताच सत्कार सुरू झाले. विटा, तासगाव, इस्लामपूर, शिराळा. विश्वजीत आपल्या गाडीतून त्यांना न्यायचा, हार गोळा करून मागच्या सीटवर ठेवायचा, वाटेत त्यांना गरम पाणी प्यायला लावायचा. नावं जाहीर व्हायला मात्र उशीर होत होता. आज होईल, उद्या होईल म्हणता म्हणता दिवाळी गेली. मुंबईला जाऊन कुणीतरी लालासाहेबांना आठवण करून द्यायला हवी होती. शाहिरांचे गुडघे दुखत होते, शिवाय मागायला जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. ते विश्वजीतला म्हणाले, "तूच जाऊन ये. तू गेलास काय, मी गेलो काय." तो गेला. एकदा गेला, मग पुन्हा गेला. परत आला की सांगायचा, काम होत आलंय.

नावं जाहीर झाली तेव्हा शाहीर शेतात होते. शेजारचा आकाराम फोन हातात धरून सरीतून धावत आला. त्यानं फोन पुढं केला. कलावंत म्हणून एकच नाव होतं, विश्वजीतचं. खाली त्याचा फेटा बांधलेला फोटो.

शाहिरांनी फोटोकडं पाहिलं आणि पहिली गोष्ट ते म्हणाले, "चुकलं असंल. माझ्या कागदांत त्याचेबी फोटो हुते." त्यांनी विश्वजीतला फोन लावला, तो बंद होता. दुपारभर तो बंदच राहिला. घरी बायका पेढे मागायला आल्या आणि अनसूयाबाईंचं तोंड बघून परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आकारामच्या गाडीवर बसून शाहीर कऱ्हाडला गेले. लालासाहेबांच्या बंगल्यात गर्दी होती, पण शाहिरांना बघताच त्यांनी सगळ्यांना बाजूला सारलं. उठून दोन्ही हातांनी शाहिरांचे हात धरले.

"शाहीर, तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही," ते म्हणाले. "हातची आमदारकी शिष्याला द्यायची. मी मुख्यमंत्र्यांना सुद्धा हे सांगितलं."

शाहिरांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "मी कुणाला दिली, साहेब?"

लालासाहेबांनी हात सोडले. मग त्यांनी सांगितलं ते असं. विश्वजीत त्यांच्याकडं आला होता, डोळ्यांत पाणी घेऊन. म्हणाला, शाहिरांचा गळा गेलाय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे. शाहिरांची इच्छा आहे की जागा विश्वजीतला द्यावी, पण हे ते स्वतःच्या तोंडानं सांगणार नाहीत, त्यांना कुणी विचारूही नये. विचारलं तर त्यांना त्रास होईल.

"आणि तुमी न्हाई विचारलं," शाहीर म्हणाले.

"तो तुमच्या घरातला माणूस. त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा?"

"एक फोन करायचा हुता, साहेब."

लालासाहेब खिडकीकडं बघू लागले. शाहिरांना त्या क्षणी कळून चुकलं, की याही माणसाला ती गोष्ट सोयीची वाटली होती. माणमधली मतं, फोनवरची तरणी पोरं, पुढची निवडणूक. म्हाताऱ्या शाहिरापेक्षा हा उमेदवार बरा, एवढा हिशेब त्यांनी मनात केला असणार आणि कुणीतरी तो सोपा करून हातात दिल्यावर मागं वळून बघितलं नसणार. लालासाहेब म्हणाले, आता राज्यपालांची सही झाली, आता काही करता येणार नाही, पुढच्या वेळी बघू. चहा मागवला. शाहीर चहा न पिता उठले. ज्या माणसासाठी आपण माळामाळांवर घसा फोडला, त्यानं आपल्याला दारापर्यंत सोडायलाही माणूस पाठवला, स्वतः आला नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.

घरी आल्यावर त्यांनी अनसूयाबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आवं, गेल्या सोमवारी तो हितं जेवून गेला. दुसऱ्यांदा आमटी वाढून घेतली. म्हंजे तवा सगळं करून आलावता."

त्या रात्री दोघंही जेवली नाहीत.

चौथ्या दिवशी विश्वजीत आला. गाडी लांब लावून एकटाच चालत आला. उंबऱ्यात वाकला, शाहिरांच्या पायांना हात लावू गेला, तर त्यांनी पाय मागं घेतले. अनसूयाबाई चुलीपाशी उभ्या होत्या, त्या बाहेर आल्या नाहीत.

"आबा, रागावला असाल तर दोन थोबाडीत मारा," तो म्हणाला. "पण माझं ऐका."

"बोल की. माझ्या नावानं एवढं बोललास, आता तुझ्या नावानं बोल."

विश्वजीत खाली बसला. आधी तो घाबरत बोलत होता, मग त्याचा आवाज सुटला. म्हणाला, लालासाहेबांच्या मनातनं तुमचं नाव आधीच उतरलं होतं, मुंबईतल्या एका नटाचं नाव पुढं होतं. मी मधे पडलो नसतो तर जागा आपल्या घरात आलीच नसती. शाहिरांनी विचारलं, मग हे मला येऊन का सांगितलं नाहीस. त्यावर तो जे बोलला ते शाहिरांना कऱ्हाडला ऐकलेल्यापेक्षा जास्त लागलं.

"तुमचा गळा गेलाय, आबा. हे तुमी सोडून सगळ्यांना ठावं हाय. दोन वर्सं तुमचा वरचा सूर लागत न्हाई. तुमी ओळ सोडता, मी मागनं अशी उचलतो, की लोकांना वाटतं तुमीच गाताय. मी कवा बोललो का कुणाला?"

शाहीर भिंतीला टेकले. हे खरं होतं. कार्यक्रमानंतर लोक येऊन म्हणायचे, या वयातही काय आवाज आहे, आणि त्यांनी ते स्वीकारलं होतं. स्वतःलाही त्यांनी तेच ऐकवलं होतं.

"तू माझा सूर झाकलास, ते तुझे उपकार," ते अखेर म्हणाले. "पर गळा गेलावता रं, जीभ न्हवती गेली. मला इचारलं असतंस, तर कदाचित म्या तुला दिलीबी असती. तू मला देऊ दिलं न्हाईस."

विश्वजीत रडू लागला. त्याचं रडणं खोटं नव्हतं, हे शाहिरांना दिसत होतं, आणि तरीही त्यांचा राग कमी होत नव्हता. जाताना तो म्हणाला, सांगलीत सत्कार ठेवलाय, तुमच्या हातचा हार हवा.

सत्काराचं बोलावणं घेऊन मंडळी आली, तेव्हा अनसूयाबाई म्हणाल्या, जाऊ नका. शाहीरही जाणार नव्हते. पण मंडळींतल्या एकानं बोलता बोलता सांगितलं, की गुरूनं शिष्यासाठी केलेल्या त्यागाची सगळ्या जिल्ह्यात चर्चा आहे. तेव्हा ते जायला तयार झाले.

सांगलीचं नाट्यगृह भरून गेलं होतं. विश्वजीत चांगला बोलला. आपल्या वस्तीबद्दल, आईच्या मेंढरांबद्दल बोलला. मग त्यानं शाहिरांकडं हात केला आणि सांगितलं, की ही जागा आबांची होती, आबांनी ती स्वतःच्या हातानं मला दिली. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. दोन माणसांनी शाहिरांना उठवून ध्वनिक्षेपकापाशी नेलं, हातात हार दिला.

शाहिरांनी हार टेबलावर ठेवला.

"मी दिली न्हाई," ते म्हणाले. "मला इचारलंबी न्हाई. एवढंच सांगायला आलोवतो."

शाहीर पायऱ्या उतरून मधल्या वाटेनं बाहेर निघाले. ते दारापर्यंत पोचायच्या आत निवेदकानं पुढच्या पाहुण्याचं नाव पुकारलं, कुणीतरी खुणावलं आणि हलगी वाजू लागली. आकाराम तेवढा त्यांच्या मागं आला.

खरं बोलल्यावर माणसं आपल्या बाजूला येतील, अशी शाहिरांची समजूत होती. झालं उलटंच. ते बोलणं कुणीतरी फोनवर घेतलं होतं, ते घरोघर फिरलं आणि लोक म्हणू लागले, म्हातारा जळला. पोराचं चांगलं झालेलं बघवलं नाही. ज्यांनी सत्कार केले होते त्यांनी बोलणं कमी केलं. तुणतुणेवाला आणि ढोलकीवाला महिनाभर थांबले, मग तेही विश्वजीतच्या फडात गेले. जाताना दोघंही पाया पडून गेले, पोटापाण्याचं म्हणाले, शाहिरांनी अडवलं नाही. शिराळ्याच्या नागपंचमीचा त्यांचा ठरलेला कार्यक्रम त्या साली दुसऱ्याला गेला. कुणी कळवलंही नाही, ते इतरांकडून कळलं.

अधिवेशन सुरू झालं, तेव्हा एका दुपारी आकारामनं येऊन सांगितलं, की विश्वजीत सभागृहात बोलतोय. अनसूयाबाईंनी शाहिरांकडं न बघता टीव्ही लावला. शाहीर उठून जातील असं त्यांना वाटलं, पण ते बसून राहिले.

विश्वजीत सभापतींची परवानगी घेऊन उभा होता. थकलेल्या शाहिरांबद्दल बोलला, फडातून उतरलेल्या बायकांना निवारा हवा म्हणाला, शाळांतून डफ शिकवा म्हणाला. बांधावर घोकलेलं सगळं त्यात होतं, कुठं कुठं शब्दही तेच. बोलला मात्र शाहिरांपेक्षा नेमकं, आवाज न चढवता. दुसऱ्या बाजूच्या सदस्यांनीही बाकं वाजवली. शेवटी तो म्हणाला, हे सगळं मला माझ्या गुरूंनी शिकवलं, आणि शाहिरांचं नाव घेतलं.

"नाव घेतलं की तुमचं," अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात थोडी आशा होती. त्यांना तो पोरगा आठवत होता.

"घेणारच. माझं नाव वापरायची सवय हाय त्याला."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग शाहीर म्हणाले, "बोलला चांगला. बायकांना निवारा मिळंल त्यानं. खरंच मिळंल."

"फोन लावू का त्याला?"

शाहिरांनी टीव्हीकडं पाहिलं. त्यांना हो म्हणायचं होतं, असं अनसूयाबाईंना त्यांच्या तोंडावरून वाटलं. पण ते उठले, पायात चपला घातल्या.

"नगं," ते म्हणाले. "त्यानं केला तर माझ्याकडं देऊ नगंस."

आणि ते उसाला पाणी द्यायला निघून गेले. अनसूयाबाईंनी टीव्ही बंद केला नाही. विश्वजीत आता खाली बसला होता, शेजारचा सदस्य त्याच्या कानात काही सांगत होता आणि तो हसत होता.