थर्मास थंड पडला होता

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. माझी गोष्ट मला सलग सांगता येणार नाही. झाकण बंद असते तेव्हा मला फक्त ऐकू येते आणि उघडते तेव्हाच दिसते. त्यामुळे माझे आयुष्य तुकड्यातुकड्यांनीच माझ्या वाट्याला आले. तुम्हीही ते तसेच घ्या.

झाकण उघडे

सगळ्यात आधी मी पाहिला तो एका कारागिराचा डोळा. कुठे तडा आहे का, हे तो माझ्यात डोकावून बघत होता. काचेच्या दोन भिंती आणि त्यांच्या मधली हवासुद्धा काढून घेतलेली. म्हणजे मध्ये काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’च्या जोरावर मी काम करतो. गरम घातले तर गरम ठेवतो, थंड घातले तर थंड ठेवतो. मला स्वतःचे मत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाहेरून मला हिरवा पत्रा आणि त्यावर पिवळी फुले. सरलाबाई सिस्टर शिक्षण संपवून शहाद्याच्या एका लहानशा दवाखान्यात आल्या, तेव्हा येतानाच त्यांनी मला विकत घेतले. पण मला सांभाळले ते गुलाबबाईने. गुलाबबाई मोलगीकडच्या डोंगरातली, दवाखान्यात आयाचे काम करायची. रोज दुपारी ती मला उकळत्या पाण्याने विसळायची, मग रोग्यांसाठी दूध भरायची आणि झाकण लावून मला थोपटायची.

“गरम शे ना?” असे ती मलाच विचारायची.

मी गरम असायचोच. दवाखान्यात माझे कौतुक होते. शहाद्यात तेव्हा थर्मास म्हणजे गरम ठेवणारी वस्तू. मी थंडही ठेवतो, हे सरलाबाईंशिवाय कोणाला माहीत नव्हते. कोणी कधी विचारलेच नव्हते.

झाकण बंद

१९५७ साली पावसाच्या तोंडाशी आवाज बदलले.

आधी एक खोकला. मग खाटा सरकवल्याचा आवाज, कारण रोग्यांना जागा पुरेना. मग चटया अंथरल्याचा आवाज. फ्लूची साथ आली होती. म्हसावदकडून बैलगाड्या येत, डोंगरातून माणसे झोळीत घालून आणलेली असत. डॉक्टरसाहेबांनाच ताप चढला आणि ते घरी पडून राहिले. त्यानंतर दुसऱ्या सिस्टर, रुक्मिणीबाई, औषध देता देता खाली बसल्या आणि ज्या वॉर्डात काम करत होत्या त्याच वॉर्डात त्यांची खाट लागली.

उरले चौघे. सरलाबाई, गुलाबबाई, औषधे देणारे कंपाउंडर रतिलालभाई आणि झाडलोट करणारा उखा.

सरलाबाईंनी मलमलीचे चार पदर शिवून सगळ्यांना मास्क दिले होते. वॉर्डात जाताना तो बांधायचा, बाहेर आले की मागच्या चुलीवर उकळायला टाकायचा. डोंगरातली माणसे झाकलेल्या तोंडाला बिचकत. म्हणून गुलाबबाई आधी दारात उभी राहून तोंड दाखवायची, दोन शब्द बोलायची, मग फडके बांधून आत जायची.

रतिलालभाईंना मात्र त्याचा जाच वाटे.

“सिस्टरबाई, हाई बैलनं मुसकं आखो कितला दिन?”

“बैलाने पीक खाऊ नये म्हणून त्याला बांधतात,” सरलाबाई म्हणाल्या. “तुम्ही दुखणं खाऊ नये म्हणून तुम्हाला.”

“रुक्मिणीबाईबी बांधतच व्हती. तरी पडी गयी ना?”

यावर सरलाबाई वॉर्डाकडे वळल्या. मला फक्त त्यांची पावले ऐकू आली.

मग धुळ्याहून निरोप आला. फ्लूची लस आली आहे. थोडीच आहे, फक्त दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी. माणूस पाठवा. थंड ठेवता येईल असे काही पाठवा.

“सुई येवू द्या,” रतिलालभाई म्हणाले. “सुई टोची तर मी काम करसू. सुई नही ते मी नही. मन्हा घर धाकलं पोरगं शे, सिस्टरबाई.”

ते खोटे बोलत नव्हते. आणि ते गेले असते तर औषधे कोणी द्यायची, हा प्रश्न होता. सरलाबाई एकट्या रोगी बघणार की काढे आणि गोळ्या बघणार? वॉर्ड बंद करून माणसांना गाडीत घालून परत पाठवावे लागले असते. मित्रांनो, लसीच्या त्या इवल्याशा बाटलीवर एवढे अवलंबून होते. आणि ती बाटली माझ्या पोटातून येणार होती, कारण सरलाबाईंनी मला उखाच्या हाती देऊन धुळ्याला पाठवले.

झाकण उघडे

धुळ्याच्या डॉक्टरांनी माझ्यात बर्फाचे तुकडे टाकले. पहिल्यांदाच. थंडी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. मग कापसात गुंडाळलेली बाटली आत आली.

“उन्हात ठेवू नको,” ते उखाला म्हणाले. “तापली तर गेली.”

झाकण बंद

बस. खड्डे. उखाने मला पोटाशी धरले होते. त्याचे हृदय माझ्या पत्र्यावर वाजत होते.

“काय रे भाऊ,” कंडक्टर म्हणाला, “च्या शे का थर्मासमा?”

“च्या नही. बरफ शे.”

“थर्मासमा बरफ? याडा व्हयना का तू?”

“धुयाना डाक्टरनी भरी दिधा.”

“मंग तोबी याडा.”

सगळी बस हसली. उखाही हसला, पण त्याने झाकण उघडून दाखवले नाही. तापीला पाणी चढले होते म्हणून बस अलीकडच्या काठावरच थांबली आणि उखा मला घेऊन नावेत बसला. नाव हलत होती. माझ्या आत बर्फ विरघळत होता, तुकडे लहान होऊन काचेवर आपटायचे थांबत होते. पलीकडे दुसरी बस मिळेपर्यंत आवाज पूर्ण थांबला. बर्फ संपला. पाणी मात्र गारच राहिले. ते मी सोडले नाही.

दुपारी शहादा.

“बाई, आनी दिधी,” उखा धापा टाकत म्हणाला.

सरलाबाई वॉर्डात होत्या. कोणाचा तरी श्वास घरघरत होता. “माझे हात भरलेत, उखा. औषधाच्या खोलीत ठेव. कोणी उघडायचं नाही. सगळ्यांना सांग.”

उखाने रतिलालभाईंना सांगितले. दारात बसलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांना सांगितले. मग भिंतीला टेकून तो बसल्या जागी झोपला.

गुलाबबाई मागच्या अंगणात चुलीवर मास्क उकळत होती. तिकडे कोणी गेले नाही.

झाकण उघडे

गुलाबबाईचा चेहरा. रोजचा, ओळखीचा. धुराने डोळे लाल झालेले. दुधाची वेळ झाली होती; रतिलालभाई वॉर्डात होते, उखा झोपलेला.

तिने आत बोट घातले आणि दचकली.

“अरे मन्ही माय. पार थंडागार पडी गया.”

तिने कापसातली बाटली पाहिली. ती बाटलीही थंड. तिचा चेहरा उतरला. कोणाच्या तरी हयगयीने बाईंचे औषध गार पडले, असेच तिला वाटले. माझ्यातले थंड पाणी तिने ओतून दिले. चुलीवरचे उकळते पाणी आणले. बाटली तडकू नये म्हणून हळूहळू ओतले. किती जपून ओतले ते मी पाहिले आहे.

“आते बरं,” ती म्हणाली आणि मला थोपटले. “गरम शे ना?”

मित्रांनो, त्या चेहऱ्यावर मला कधीही रागावता आले नाही.

झाकण बंद

अंधार. उष्णता.

मला ओरडता येत नाही.

बाटली माझ्या पोटात तापत होती. मी वाईट थर्मास असतो, माझे बूच सैल असते, तर पाणी लवकर निवले असते. पण मी चांगला होतो. मी ती उष्णता थेंबभरही बाहेर जाऊ दिली नाही. वॉर्डात खोकले चालू होते. रतिलालभाई औषध खलता खलता गुणगुणत होते. आज ते खुशीत होते. उन्हे उतरल्याचे मला चिमण्यांच्या कलकलाटावरून कळले. मग सरलाबाईंची पावले आली. घाईची, हलकी. इतक्या दिवसांत एवढी हलकी पावले मी ऐकली नव्हती.

झाकण उघडे

वाफ.

वाफेच्या पलीकडे सरलाबाई. त्यांनी बाटली उचलली आणि बोटे पोळली म्हणून लगेच टेबलावर ठेवली.

“गुलाबबाई,” त्या हळू म्हणाल्या, “हे पाणी कोणी घातलं?”

“मी, बाई. थर्मास थंड पडेल व्हता. आते बठ्ठं गरम शे.” गुलाबबाई हसत होती.

सरलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी माझे झाकण हातात घेतले, पण लावले नाही. तसेच मला बाटलीसकट उचलून ओसरीवरच्या टेबलावर नेले. म्हणून पुढचे सगळे मी उघड्या तोंडाने पाहिले.

ओसरीवर सगळे जमले होते. उखाने बाही वर केली होती. रतिलालभाईंनी मास्क सोडला आणि जमिनीवर टाकून दिला.

“गयं मुसकं,” ते म्हणाले.

“भाई,” उखा म्हणाला, “हाई दवाई कोंबडीना अंडामा करतस म्हने. तुम्हनाकडे अंडं चालत नही. तुम्हना वाटा माले देवाडा.”

“पोटमा जास ते अंडं. दंडमा जास ती दवाई. तू चूप बैस.”

सगळे हसले. उखानेही आपला मास्क काढून त्याने मानेचा घाम पुसला.

सरलाबाईंनी सिरिंज भरली. 

आता नीट ऐका. ते औषध मेले होते, पण विष झाले नव्हते. टोचले असते तर कोणाला काही कळले नसते. रतिलालभाई उद्या कामावर आले असते. वॉर्ड चालू राहिला असता. गुलाबबाईला कोणी बोलले नसते. फक्त एवढेच झाले असते, की आपल्याला आता काही होत नाही असे समजून ही माणसे उघड्या तोंडाने आत गेली असती.

रतिलालभाईंनी दंड पुढे केला. सरलाबाईंनी त्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला. मग त्यांची नजर खाली गेली. जमिनीवर तो मास्क पडला होता, आणि त्यावर कोणाचा तरी पाय पडला होता.

त्यांनी सिरिंज ओसरीच्या कडेला नेऊन मातीत रिकामी केली.

“हे औषध गेलं,” त्या म्हणाल्या. “थंड राहायला हवं होतं, ते तापलं. आता टोचलं तर नुसता दंड दुखेल.”

“तापनं कसं?” रतिलालभाईंनी विचारले.

“माझ्याकडून राहिलं.”

गुलाबबाई मागे उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, माझ्या तोंडातून अजून निघणाऱ्या वाफेकडे. तिच्या चेहऱ्यावरचे हसू मावळताना मी पाहिले.

“बाई,” ती म्हणाली, “पानी ते मी टाकं.”

सगळे तिच्याकडे वळले.

“तू टाकलंस,” सरलाबाई म्हणाल्या. “पण टाकायचं नाही हे तुला सांगायला मागच्या चुलीपाशी कोणी आलं होतं का?”

गुलाबबाईने नाही म्हणून मान हलवली. उखा आपल्या पायांकडे बघू लागला.

“सगळ्यांना सांग म्हटलं मी. सगळ्यांमध्ये तू धरली गेलीस की नाही, ते मी बघितलं नाही.”

रतिलालभाईंनी बाही खाली केली. वहाणा घातल्या. “सुई नही ते मी नही, मी सांगेल व्हतं,” ते कोणाकडेही न बघता म्हणाले, आणि पायऱ्या उतरून सायकलीकडे गेले. कुलूप काढल्याचा आवाज आला. सरलाबाईंनी त्यांना हाक मारली नाही.

वॉर्डातून रुक्मिणीबाईंचा आवाज आला. खोल गेलेला, खरखरीत.

“रतिलालभाई, पाणी देता का?”

रोज संध्याकाळी त्यांना पाणी रतिलालभाईच देत. आज औषध आले की गेले, रतिलालभाई निघाले की राहिले, त्या बाईंना यातले काही ठाऊक नव्हते.

रतिलालभाई सायकल धरून उभे राहिले.  मग त्यांनी ती पुन्हा भिंतीला टेकवली. पायऱ्या चढून आले, जमिनीवरचा मास्क उचलला, झटकला आणि गुलाबबाईपुढे धरला.

“तुले उकयाडानी भलती हौस शे ना? मंग हाई उकयाड.”

गुलाबबाई रडायला लागली आणि रडता रडताच तो मास्क उकळायला घेऊन मागे पळाली. तोवर सरलाबाईंनी आपल्या पेटीतून एक कोरा मास्क काढून रतिलालभाईंना दिला. तो बांधून ते पाणी घेऊन आत गेले.

झाकण बंद

साथ ओसरेपर्यंत उखा आजारी पडला, मग गुलाबबाई, मग रतिलालभाई. पण एका वेळी सगळे कधीच पडले नाहीत. एक उठला की दुसरा निजे. त्यामुळे दवाखान्याचे दार बंद झाले नाही. चुलीवर मास्क उकळत राहिले. गुलाबबाई तापाने फणफणली तेव्हा माझ्यातले दूध तिला सरलाबाईंनी पाजले. रुक्मिणीबाई वाचल्या, पण त्यांची छाती पहिल्यासारखी झाली नाही. त्या म्हसावदला भावाकडे गेल्या आणि परत कामावर आल्या नाहीत. लसीची दुसरी बाटली आली, तेव्हा पावसाळा सरत आला होता आणि वॉर्डातल्या चटया गुंडाळून ठेवलेल्या होत्या.

त्यानंतर मी बरीच वर्षे फळीवर होतो. माझे बूच उंदरांनी कुरतडले. नवा चकचकीत थर्मास आला. माझ्या तोंडात कोणी तरी दाणे काढलेल्या मक्याचे बुरकुंड खुपसले आणि मला विसरून गेले.

झाकण उघडे

१९६८ साली पुन्हा फ्लूची साथ आली, तेव्हा बुरकुंड निघाले. वर सरलाबाई, केस पिकलेले. त्यांनी मला नवे बूच बसवले. नवा थर्मास दुधासाठीच लागत होता. धुळ्याहून लस आणायला मीच गेलो, आणि मला घेऊन जायला गुलाबबाई गेली. सगळ्या वाटेत तिने मला कोणाच्या हाती दिले नाही.

दवाखान्यात आल्यावर तिने मला लगेच फळीवर ठेवले नाही. ती मला कडेवर घेऊन निघाली. वॉर्डातल्या सिस्टरांकडे. औषधाच्या खोलीत. विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईकडे. दूधवाल्याकडे. आणि शेवटी मागच्या चुलीपाशी, जिथे नवी आया कालीबाई मास्क उकळत होती.

“आयक,” ती तिला म्हणाली. “यामा दवाई शे. थंडी शे. थंडीच ऱ्हावू दे. हात लाव, देख.”

कालीबाईने माझ्या पत्र्याला हात लावला. बाहेरून तिला काहीच कळले नाही. बाहेरून कोणालाच कळत नाही. तरी तिने मान डोलावली.

मग गुलाबबाईने मला फळीवर ठेवले आणि थोपटले.

“थंडं शे ना?”

होतो, मित्रांनो. गारगार होतो.

आता मी गळतो आणि माझी फुले पुसली आहेत. मला पुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. तेवढे तुम्ही न सांगताही कराल. माझे मागणे दुसरे आहे. जपायची एखादी गोष्ट घरात किंवा शाळेत आली आणि ‘सगळ्यांना सांगितले’ असे कोणी म्हणाले, की तेवढ्यावर बसून राहू नका. उठा आणि मागच्या चुलीपाशी कोण आहे ते बघून या.