आईला मुलगे किती

माझा भाऊ मंत्री झाला तो आमच्या वडिलांच्या चिक्कूपणामुळे. थोरला तीन वर्षांचा असताना तापाने गेला. पुढच्या वर्षी हा झाला, तर वडिलांनी याला त्याचंच नाव ठेवलं आणि शाळेत घालताना जन्माचा दाखलाही त्याचाच लावला. पोरगं लवकर नोकरीला लागेल, एवढाच हिशेब. म्हणून कागदावर हा माझ्याहून मोठा, आणि घरात मला ताई म्हणतो.

त्या उसन्या वयावर त्याने पहिली निवडणूक लढवली. खऱ्या वयाने त्याला उभंही राहता आलं नसतं.

यंदा इंटरनेटवरच्या त्याच्या चरित्रात कुणीतरी खरं जन्मसाल घातलं. ते आईकडूनच गेलं होतं. मुलाखतीला आलेल्या पत्रकार मुलीला तिने कौतुकाने सगळं सांगितलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. चार रिकामटेकड्यांनी वाचून सोडून दिलं असतं, पण याने त्या वेबसाइटवर दावा ठोकला आणि ज्याच्या त्याच्या तोंडी हा विषय झाला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. आता ते साल खरं ठरलं तर मंत्रिपद जाणार, वर फसवणुकीचा खटला. त्यामुळे थोरला मुळात जन्मलाच नव्हता, असं ठरलं.

दफनभूमीत थोरल्याच्या नावाचा दगड होता. आई अजूनही काठी टेकत जायची आणि ओल्या फडक्याने तो पुसायची. एके दिवशी ती फडकं तसंच ओलं घेऊन परत आली. दगड जागेवर नव्हता.

मी भावाला फोन केला.

"दगडावर माझं नाव होतं, ताई. कुणी फोटो काढला असता तर?"

"अरे, ते आधी त्याचं होतं."

"तू आईला तेवढं समजाव. बाकी मी बघतो."

आम्ही मायलेकी राहतो ते घर त्याचं. तेव्हा मी मुकाट्याने आईला समजावलं. कितीही खोदून विचारलं तरी मुलगा एकच म्हणायचं.

"एकच ना? बरं," आई म्हणाली.

मला तिच्याकडे बघवलं नाही.

आईला कोर्टात जाणं झेपत नाही म्हणून कोर्टाने नेमलेली बाई जबाब घ्यायला घरी आली. दोन्हीकडचे वकील सोफ्यावर अवघडून बसले. भाऊ आईच्या शेजारी, तिच्या खांद्यावर हात ठेवून.

"आजी, तुम्हाला मुलगे किती?" भावाच्या वकिलाने विचारलं.

"एकच."

भावाने श्वास सोडला. वकिलाने फाइल मिटली. वेबसाइटचा वकील पडेल चेहऱ्याने, विचारायचं म्हणून म्हणाला, "तो आज इथे हजर आहे ना?"

आईने खांद्यावरचा हात बाजूला केला.

"नाही. तीन वर्षांचा होता. तापाने गेला."

"मग हे कोण?"

"हे साहेब. माझ्या मुलाचं नाव लावतात."

बाईंची लेखणी थांबली. "आजी, असंच लिहू?"

"असंच लिहा."

भाऊ हलक्या आवाजात "आई" म्हणाला. मी पुढे झाले. काही झालं तरी पाठचा भाऊ. आईने मात्र मान वळवली नाही. मला म्हणाली, "चल गं, मला आत घेऊन चल."