डाव्या हातानं घातलेले शिंपले

"सुई उजव्या हातात घे," परीक्षक चारुशीलाबाई खुर्चीतूनच म्हणाल्या.

मनकर्णेनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. साल एकोणीसशे अठ्ठावन्न, डिसेंबरातली सकाळ, अमरावतीतल्या एका शाळेचा हॉल. हस्तकला शिक्षिकेच्या परीक्षेचा शेवटचा पेपर; आधीचे निघाले होते. तीन तासांत क्रोशानं हातभर मफलर विणायचा, सगळा शिंपल्यांचा. एकाच घरात पाच खांब, म्हणजे उभे टाके, पंख्यासारखे उघडायचे, शेजारी मुका खांब, म्हणजे बुटका टाका, घालून दाबायचे, की झाला शिंपला. एक खांब सैल पडला तर पंखा लोळतो.

खिडकीबाहेर बाकावर चंद्रभान बसला होता. तिचा नवरा; ती दोन वर्षं माहेरीच होती. पांढरी टोपी, घडीचं धोतर. तेल्हाऱ्यात तिच्या बापानं, खुशालरावांनी, त्याच्याशी ठरवून टाकलं होतं: पोरगी पास झाली तर अकोटच्या शाळेत मास्तरीण होईल, नापास झाली तर मुकाट्यानं परत तुमच्या घरी. लेकीवर अशी पैज लावणाऱ्या बापाला गाव समजदार म्हणत होतं.

चारुशीलाबाई उठून आल्या. तिच्या डाव्या हातातली सुई काढून त्यांनी उजव्या हातात कोंबली. "डाव्या हातानं काय करतात ठाऊक आहे ना? उद्या पोरी तुझं बघून शिकतील."

दोघीतिघी खुदकन हसल्या. मनकर्णा उजव्या हातानं विणू लागली. मधली दोन बोटं वाकत नव्हती. लोकर सुईवरून घसरायची. पंधरा मिनिटांत तीन शिंपले झाले, चुरगळलेल्या कागदासारखे. तिनं ते सरळ उसवले.

"का उसवलंस?"

"बाई, हा हात मोडेल हाये."

"कशानं?"

विहिरीवर पडली, हे उत्तर बापानं पाठ करून घेतलं होतं. दोन वर्षं ती तेच सांगत आली होती. घड्याळात सव्वा तास उरला होता.

"नवऱ्यानं मोडला. चौकटीत धरला आन् वरून दार हाणलं. थो पाहा, बसला हाये बाहीर."

हॉलमधल्या सुया थांबल्या. चारुशीलाबाईंनी खिडकीतून पाहिलं. चंद्रभाननं उठून अदबीनं हात जोडले. आणि वकिलाच्या घरच्या या बाईंनी त्याला मान लववून नमस्कार केला!

"असलं घरातलं चारचौघींत बोलतात का?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. हात मोडला त्याची लाज नाही, बोलली त्याची लाज.

"कोनत्या हातानं इनाचं, थे पेपरात लिवलं हाये का बाई?"

चारुशीलाबाईंनी छापील कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग उलटून मागची बाजूही पाहिली. ती कोरी होती.

"लिहिलं नाही. पण पद्धतीचे गुण मी कापणार."

"कापा."

सुई पुन्हा डाव्या हातात गेली. मनकर्णेनं मान वर केली नाही. पाच खांब, मुका खांब, पाच खांब. बाहेर चंद्रभान फेऱ्या मारत होता, वहाणांचा आवाज खिडकीशी येऊन थांबायचा. तो थांबला की तिची लोकर ताठायची. ती श्वास सोडायची, धागा सैल करायची आणि पुढच्या घरात सुई घालायची. शेवटची ओळ संपली आणि घंटा झाली.

चारुशीलाबाईंनी मफलर टेबलावर पसरला. पट्टी लावली. एकेक शिंपला मोजला, कडा ओढून पाहिल्या, उलटा करून गाठी शोधल्या. बराच वेळ शोधल्या. मग ओठ आवळून तिच्या नावापुढे आकडा लिहिला. पास व्हायला पस्तीस लागत होते. त्यांनी छत्तीस दिले.

"यापेक्षा जास्त देणार नाही."

"नका देऊ," मनकर्णा म्हणाली.

ती बाहेर आली तसा चंद्रभान आडवा आला. "काय झालं?"

"पास झाली."

"कितीनं?"

"एका मार्कानं."

तो हसला. "एका मार्कानं कोनी मास्तरीन होते का? चाल घरी. आतमंदी काय बकली थे पाहून घेतो तुले."

"मी अकोटले चालली," ती म्हणाली आणि त्याला वळसा घालून पायऱ्या उतरली. मागून वहाणा वाजत आल्या, फाटकापर्यंत आल्या. ती एसटी स्टँडकडे वळली.