लाल-हिरव्याचं फुकटखाऊ चॅनल

मामाच्या कंपनीत भाचीनं नोकरी धरली तेव्हाच आईनं बजावलं होतं, "माझ्या भावाशी हुज्जत घालू नकोस, त्याचंच खरं असतं." आज मात्र हुज्जतीवाचून सुटका नव्हती.

कंपनी फळबागांसाठी कॅमेरे बनवायची. बागेत टांगायचा, फळं पिकली की मालकाला घरबसल्या फोटो. पण बागेत नेटवर्कची बोंब, म्हणून फोटो हलका हवा. भाचीनं वर्षभर डोकं झिजवून डोळ्याचीच युक्ती उचलली होती. डोळ्यातल्या लाल टिपणाऱ्या आणि हिरवं टिपणाऱ्या पेशी पानं, माती, फांद्या बघून जवळपास एकच बातमी आणतात. तीच चहाडी मेंदूला दोनदा कशाला सांगायची? म्हणून डोळा उजेड-अंधार नीट कळवतो, आणि लाल-हिरव्यात फरक किती, तेवढंच वेगळं. निळ्या-पिवळ्याचंही तसंच. भाचीच्या कॅमेऱ्यातली तीन चॅनल हेच काम करायची.

सकाळी चाचणीसाठी तिनं लाल-हिरव्याचं चॅनल बंद केलं आणि चालू करायला साफ विसरली. नेमका तोच फोटो मामानं मोठ्या पडद्यावर उघडला. सफरचंदाची अख्खी बाग चिखलात बुचकळून काढल्यासारखी! फळ कुठलं नि पान कुठलं, देव जाणे.

"वा!" मामा खूश. "फाइल हलकी, चित्र तेच. काय बंद केलंस?"

"लाल-हिरवं. चुकून झालं. थांब, चालू करते."

"खबरदार! ते फुकटखाऊ चॅनल कायमचं उडव. उद्या बागवाले येतायत, त्यांना हेच दाखवू."

टकलू इंजिनियर छताकडे बघू लागला. पगार मामा द्यायचा, त्यामुळे बाकीच्यांनाही चित्र झकास वाटलं. उद्या बागवाले हसत निघून जाणार, आणि भाचीचं वर्ष कचऱ्यात.

"मामा, यात सफरचंदं दिसतायत तुला?"

"न दिसायला काय झालं? ही काय, ही काय!" मामानं ठणकावून दोन पानांवर आणि फांदीच्या एका गाठीवर बोट ठेवलं.

आता भाचीच्या डोक्यात प्रकाश पडला. ती घाबरली, पण बोलली. "रागावू नकोस हं. तुझ्या डोळ्यांत हे चॅनल जन्मापासूनच बंद आहे."

"म्हणजे मी आंधळा? काल आलेली पोर मला शिकवणार?"

हिशेबाच्या टेबलावरून मामी उठली. "तिच्यावर कशाला ओरडताय? पहिल्या भेटीत मी हिरव्या कोटात काय गोड दिसत होते, हे आजवर सगळ्यांना सांगत आलात. माझा कोट लाल होता! मला वाटायचं, तुमच्या मनात दुसरीच कुणीतरी बसलीय."

"लाल होता?" मामाचा आवाज एकदम खाली आला.

"लालभडक."

"पण आत तूच होतीस," मामा म्हणाला. "शप्पथ. दुसरीकडे मी बघितलंसुद्धा नाही."

"आणि इतकी वर्षं मी त्या मेलीवर जळत बसले हो!" मामी रडता रडता हसत सुटली.

मामानं भाचीला खूण केली. तिनं चॅनल चालू केलं. टकलूच्या तोंडून "अहाहा" निसटलं. मामाला काडीचाही फरक दिसला नाही. तो पडद्याकडे बघायचं सोडून मामीकडे वळला.

"आली का सफरचंदं?"

"आली," मामी डोळे पुसत म्हणाली. "झाडभर आहेत."

"मग राहू दे ते."