पिवळा गुलाब

आमच्या समुद्रकाठच्या मासात्लान शहरात प्रेमाचा आणि मैत्रीचा सण एकाच दिवशी असतो, चौदा फेब्रुवारीला. ही काटकसर कुणाला सुचली देव जाणे. मग घोळ नको म्हणून मत्स्यालयातल्या त्या रात्रीच्या जेवणाला टेबलावर फूल ठेवतात. प्रेमिकांना लाल गुलाब, नुसत्या मित्रांना पिवळा.

मारिसेला वेळेआधीच आली, तर टेबलावर पिवळा. एलिसेओचा अजून पत्ता नव्हता. तिनं म्हाताऱ्या वेटरला हाक मारली.

"काका, चूक झालीय. आमचं फूल बदला."

"पण बाई, साहेबांनीच पिवळं सांगितलंय."

"अहो, तो बँडात ट्युबा फुंकतो. त्याला रंगातलं काय कळतंय! आणा लाल."

काका हसले आणि लाल गुलाब ठेवून गेले.

मारिसेला शाळेत शिकवायची. समुद्रापलीकडच्या ला पाझमधून तिला मुख्याध्यापिका म्हणून बोलावणं आलं होतं आणि उद्या उत्तर द्यायचं होतं. एलिसेओ नुसतं "थांब" म्हणाला असता, तरी ती थांबणार होती. लहानपणापासूनचा हा शेजारी पहिल्यांदाच तिला बाहेर जेवायला बोलावत होता, तेही आजच्या दिवशी! तिनं निळा झगा शिवून घेतला होता. आईनं तर चर्चमध्ये मेणबत्तीही लावली होती. मी म्हणते, अशा वेळी कोण हुरळणार नाही?

एलिसेओ धापा टाकत आला. त्याच्या मागे, भिंतभर काचेपलीकडे, एक शार्क सुस्तपणे वळला. खुर्ची ओढता ओढता एलिसेओची नजर फुलावर गेली.

"अरेच्चा! काका, ओ काका! गफलत झाली बघा. आमचं पिवळं."

काकांनी मारिसेलाकडे पाहिलं. ती मेनूकार्डात तोंड खुपसून बसली होती.

"माफ करा साहेब, चूक माझीच," ते म्हणाले आणि गुलाब बदलून गेले. त्यांनी आपल्याला सांभाळून घेतलं, याचंच तिला जास्त रडू आलं.

"लोकांनी काय समजलं असतं!" एलिसेओ हसत सुटला. "बरं, ला पाझला कळवलंस का?"

"उद्या कळवायचंय. तुला काय वाटतं?"

"वाटायचंय काय त्यात? जा की! म्हणून तर आज बोलावलं, निरोपाचं जेवण. इथं कुणासाठी थांबणारेस?"

"कुणासाठी नाही," ती म्हणाली.

लिंबा-मिरचीतली कच्ची कोळंबी आली. तो बोटं चाटत खात राहिला आणि बँडातले किस्से सांगत राहिला. ती हसायच्या जागी हसली. इतकी वर्षं आपण एकटीनंच हा संसार मांडला होता, हे तिला घासागणिक कळत गेलं.

शेवटी फोटोवाला आला. एलिसेओनं खुर्ची सरकवली, तिच्या खांद्यावर हात टाकला, गालाला गाल लावला.

"झकास आलाय," फोटोवाला म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे वळला.

"दादा, थांबा," मारिसेला म्हणाली. "आणखी एक काढा. माझे डोळे मिटले होते."

डोळे मिटले नव्हते. पण एलिसेओनं हात पुन्हा तिच्या खांद्यावर ठेवला.