जुन्या दात्यांवर नवी चेन

चारोटीला हायवेच्या कडेला नविनचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार बांबू, वर पत्रा आणि खाली तेल मुरून काळी पडलेली जमीन. रविवारी सकाळी वरोरच्या रामूदादाने टेम्पोतून आपली मोटारसायकल तिथे उतरवली. वर्षभर नविन या गाडीची धास्ती घेऊन बसला होता.

"पडून होती," रामूदादा म्हणाला. "आता उन्नती चालवणार. आईचा धंदा धरतेय पोरगी. मागच्या वेळेसारखी नुसती चेन टाक, तेवढंच परवडेल. अकराच्या बसने येतेय ती गाडी न्यायला."

उन्नतीची आई म्हणजे हंसा, रामूदादाची बायको. वरोरला होड्या लागल्या की गाडीच्या दोन्ही बाजूंना माशांचे टब बांधायचे, मधे नवऱ्याच्या मागे आपण बसायचं आणि गंजाडपर्यंतचे पाडे पालथे घालायचे, हा तिचा रोजचा नेम. गेल्या वर्षी गंजाडच्या वळणावर चेन उतरली, मागच्या चाकात अडकली आणि चाक जागीच थांबलं. रामूदादाचं खरचटण्यावर भागलं. हंसा डोक्यावर पडली आणि गेली. ती चेन अपघाताच्या जेमतेम तीन आठवडे आधी नविननेच बसवली होती.

नविनने चेनकव्हर खोललं. टबांतून गळणारं खारं पाणी चेनवर पडायचं, वर वाळू बसायची, आणि दोन्ही स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरते त्या चाकांचे, दाते झिजून मुशी माशाच्या दातांसारखे अणकुचीदार, वाकडे झाले होते. असल्या दात्यांवर नवी चेन टिकत नाही, ती उड्या मारते आणि एक दिवस उतरते. पुढचा स्प्रॉकेट, मागचा स्प्रॉकेट आणि चेन, तिन्ही एकदम बदलायचं असतं. खर्च एकदाच होतो आणि शेवटी तेच स्वस्त पडतं. हे नविनला काल कळलेलं नव्हतं. तेव्हाही पक्कं ठाऊक होतं.

पण तेव्हा तो गप्प बसला होता. तिन्हींचा सेट गॅरेजात नव्हता, डहाणूहून आणावा लागला असता, आणि खर्चाचा आकडा ऐकून रामूदादा शेजारच्या गॅरेजात गेला असता. मागितलं ते दिलं, आपलं काय चुकलं? असली समजूत घालायला माणसाला वकील लागत नाही. नविन वर्षभर रोज स्वतःची घालत होता, आणि ती एकदाही पटली नव्हती.

आज त्याने मनाशी ठरवलं, अपघातानंतर आणून ठेवलेला अख्खा सेट टाकायचा, पैसे चेनचे घ्यायचे आणि तोंड उघडायचं नाही. त्याने मागचं चाक उतरवलं, जुना स्प्रॉकेट काढला आणि नवा बसवून नट आवळले. पुढचा बदलला. चेन चढवली, एका बोटाने वर-खाली करून ढील पाहिली. मग एक प्लास्टिकचा कॅन उभा कापून टबांच्या जागेखाली बांधला, म्हणजे खारं पाणी बाजूला गळेल.

रामूदादा बघत होता. "सगळंच बदललंस?"

"हो."

"तू तेव्हाच सांगितलं असशील," रामूदादा हळूच म्हणाला. "तिन्ही बदलायला हवेत म्हणून. मीच हात आखडता घेतला असणार. उन्नतीला मी तसंच सांगितलं. बापाने पैसे वाचवले आणि आई गेली. तेव्हापासून पोरगी जेवायला वाढते, ताट ठेवते आणि उठून जाते. एक शब्द बोलत नाही."

नविनच्या हातातला पाना तसाच राहिला. केवढी मोठी सुटका समोर आली होती. नुसती मान डोलावली असती तरी हे ओझं कायमचं दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं असतं, आणि ते वाहायला तो माणूस आपण होऊन तयार होता. नविनला स्वतःची किळस आली.

"दादा, मी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "दाते गेलेले मला दिसले होते. गिऱ्हाईक जाईल म्हणून मी बोललो नाही. तुम्ही नाही म्हणाला नव्हतात. मी विचारलंच नव्हतं."

रामूदादा बाकड्यावर बसला. मग म्हणाला, "वर्षभर मी आठवून बघतोय, नविन. तू कधी बोललास ते आठवत नव्हतं. मला वाटलं, म्हातारपणी डोकं गेलं."

नविनने हातातला पाना खाली ठेवला.

"मला सांगितलंस ते पुरे नाही," रामूदादा म्हणाला. "तिला सांग. तूच सांग."

अकराची बस साडेअकराला आली. उन्नती रस्ता ओलांडून गॅरेजात आली, तशी तिची नजर बापाला चुकवून थेट गाडीवर गेली. नविनने हात पुसले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काही कमी केलं नाही, माफीही मागितली नाही, कारण ती मागायची कुठल्या तोंडाने?

उन्नतीने सगळं ऐकून घेतलं. तिने किल्ली घेतली, गाडी सुरू केली आणि रामूदादासमोर आणून थांबवली.

"बाबा, मागे बस," ती म्हणाली.

रामूदादाला पाय टाकून बसायला वेळ लागला. ती थांबली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिने तो तसाच राहू दिला. दोघांपैकी कोणीही नविनकडे पाहिलं नाही, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो रस्त्यावर उभा होता.