वहिनीला पोचवून ये

सुजितला स्वतःचं असं काही मत आहे की नाही, हे गावाला कधी कळलंच नाही. विनेशदादा म्हणेल ते त्याचं मत. वडील गेले तेव्हा सुजित नऊ वर्षांचा होता आणि विनेश सतराचा. विनेशने शाळा सोडली, दुसऱ्याच्या डंपरवर क्लीनर म्हणून राहिला आणि धाकट्याला शिकवलं. पुढे घरचे दोन डंपर झाले. रेवस रस्त्यावरच्या त्या गावात दोघांना राम-लक्ष्मणच म्हणत, आणि आई, नीराबाई, ते ऐकून सुखावत असे. सुजितची बायको प्राप्ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "लक्ष्मणाच्या बायकोचं काय झालं, ते कोन सांगत न्हाय." सुजित नुसता हसला. लग्नानंतर चौथ्याच दिवशी तो दादाबरोबर गाड्या घेऊन महिनाभर बाहेर गेला होता, त्यावरून ती बोलतेय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

विनेशची बायको मृणाली मूळची श्रीवर्धनची. ती घरात आली तेव्हा सुजित बारावीला आपटून घरी बसला होता. तिने त्याला पुन्हा फॉर्म भरायला लावला, रोज समोर बसवून अभ्यास घेतला आणि पास करवला. अलीकडे ती किहीमला एका मुंबईकराच्या बंगल्याचं स्वयंपाकघर सांभाळायची. तिला सकाळी सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं, हे काम विनेशने सुजितवर टाकलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर वादळ आलं, त्या दिवशी सुजित दुपारीच तिला आणायला निघाला होता. चोंढीपर्यंत पोचतो तोच विनेशचा फोन आला, डंपर खाडीच्या कडेला रुतलाय, पाणी चढतंय, लगेच ये. सुजितने वहिनीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "आधी त्यांच्याकडे जा भावजी, माझी नका काळजी करू." तो वळला. मग झाडं पडली, विजेचे खांब आडवे झाले आणि रस्ता दोन दिवस बंद राहिला. त्या दोन रात्री मृणाली बंगल्यावर होती. मालकही तिथेच अडकला होता, राखणदार नामा होता, नामाची बायको होती. तिसऱ्या दिवशी सुजित कोयत्याने फांद्या तोडत तिच्यापर्यंत पोचला आणि तिला घरी घेऊन आला.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर, त्याच पावसाळ्यात तिला दिवस गेले. घरात पेढे वाटले. थंडीत ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, विनेश सरपंचपदाला उभा राहिला, आणि गावात त्या दोन रात्रींवरून कुजबुज सुरू झाली. कुणी तोंडावर बोलत नव्हतं. पण विनेश पारावर आला की बोलणं थांबायचं.

एका सकाळी विनेशने सुजितला गोठ्यामागे बोलावलं. "वहिनीला श्रीवर्धनला पोचवून ये. आईला भेटायला नेतो म्हन."

"परत कधी आनायचं?"

"आनायचं न्हाय."

सुजितला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "दादा, त्या दोन दिवसांचं मी सांगतो सगल्यांना. नामाला उभा करतो. माझ्यामुळं त्या अडकल्या."

"मला काय म्हाईत न्हाय? तिची चूक न्हाय, मला ठाऊक हाय." विनेश त्याच्याकडे बघत नव्हता. "पन गावाचं तोंड कोन धरनार? तू माझं कधी मोडलं न्हाईस, सुजित."

सुजितने मोडलं नाही.

मृणाली खुशीत निघाली. पाचवा महिना संपत आला होता. आठ दिवसांचे कपडे, आईसाठी सुक्या कोलंबीचे सोडे, पोह्याचे पापड असं सगळं तिने पिशव्यांत भरलं होतं. मुरूडपर्यंत ती बोलत होती. आगरदांड्याला गाडी फेरीबोटीवर चढवली तेव्हा ती खाली उतरून कठड्याशी वाऱ्यात उभी राहिली. सुजित गाडीतच बसून राहिला. दिघीला उतरल्यावर त्याने गाडी धक्क्यापुढे बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"भावजी, काय झालं? तुमचे दादा बरे आहेत ना?"

तेव्हा त्याने सांगितलं. निवडणूक, गाव, सगळं एका दमात, तिच्याकडे न बघता.

 ती म्हणाली, "हे त्यांनी मला घरात का नाही सांगितलं?"

सुजित समोरची काच फडक्याने पुसू लागला.

"आणि तुम्ही? तुम्हाला तर सगळं माहीत होतं."

"दादा बोलले..."

"हो," ती म्हणाली. "दादा बोलले." ती रडली नाही. "चला. आई वाट बघत असेल."

श्रीवर्धनला तिने स्वतःच्या पिशव्या स्वतः उतरवल्या. त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

परत आल्यावर विनेशने एवढंच विचारलं, "जेवलास?" नीराबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. प्राप्तीने ताट वाढलं आणि समोर बसली.

"एक इचारू? उद्या दादांनी सांगितलं, तर मला पन असंच सोडून याल?"

सुजितला 'नाही' म्हणायचं होतं. घास तोंडात तसाच राहिला. प्राप्तीने थोडा वेळ वाट पाहिली, मग उठून भांडी घासायला गेली. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

विनेश निवडून आला. गुलाल झाला, बँजो झाला. सुजित मिरवणुकीची गाडी चालवत होता.

मार्चमध्ये श्रीवर्धनहून मुलगा झाल्याचा फोन आला. विनेश 'बरं' म्हणाला आणि पंचायतीत गेला. दुसऱ्या दिवशी सुजित कुणाला न विचारता निघाला, आयुष्यात पहिल्यांदाच. बाळासाठी दुपटी आणि वहिनीसाठी डिंकाचे लाडू घेतले होते. वहिनीची आई दारातच उभी राहिली. "ती म्हणते, भेटायचं नाही." आतून बाळ रडल्याचा आवाज आला, मग मृणालीचा, त्याला गप्प करताना. सुजित ओट्यावर दुपारपर्यंत बसला. मग पिशवी तिथेच ठेवून निघाला. गाडी वळवताना आरशात दिसलं, म्हातारी पिशवी उचलून शेजारच्या घरी देत होती.

घरी विनेश अंगणात खुर्ची टाकून बसला होता. सुजित कुठे गेला होता, ते त्याला समजलं होतं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याने खालच्या आवाजात विचारलं, "कोनावर गेलाय रे?"

सुजित त्याच्याकडे बघत राहिला. तिची चूक नाही हे दादाला ठाऊक आहे, एवढ्या एका गोष्टीवर तो इतके महिने तग धरून होता. सगळं गावासाठी केलं, दादाच्या मनात तिच्याबद्दल संशय नाही, असं तो स्वतःला रोज सांगत होता.

"सांग की," विनेश म्हणाला.

 सुजितने चपला काढल्या आणि तो आत गेला. प्राप्ती पदर खोचून माहेरी जायला आपली पेटी भरत होती. त्याने तिला थांबवलं नाही. थांबवण्यासाठी काय बोलायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.